ऑफिसच्या संगणकात ॲडवेअर, स्पायवेअर शिरलं तर: ओळखण्यापासून निस्तरण्यापर्यंत

“सर, माझ्या मशीनला व्हायरस लागलाय. दर दोन मिनिटांनी खाली कोपऱ्यात लाल चौकट येते आणि पाच व्हायरस सापडले म्हणून सांगते. मी कशालाही हात लावलेला नाही.” अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन, तोही महिनाअखेरीला. जाऊन बघितलं, ब्राउझरच्या सेटिंगमधून एका साइटची परवानगी काढली, चौकट बंद. दोन मिनिटांचं काम. मशीनला काहीही झालेलं नव्हतं.

त्याच महिन्यात दोन टेबलं पलीकडच्या मशीनबद्दल कुणाची काडीचीही तक्रार नव्हती. जाहिराती नाहीत, हँग होणं नाही. एका ग्राहकाचा फोन आला म्हणून कळलं: “बिलाचे पैसे आता नव्या खात्यात भरा अशी मेल आलीय तुमची. खातं खरंच बदललंय का?” मेल आमच्याच मेलबॉक्समधून गेली होती, आमच्याच सहीनिशी. पंधरवड्यापूर्वी त्या मशीनवर पीडीएफ जोडायचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवलं होतं. ते निस्तरायला तीन दिवस गेले.

ऑफिसात संगणकाचं बघणाऱ्या माणसाकडे पहिल्या प्रकारची तक्रार रोज येते. दुसऱ्या प्रकारची येतच नाही, ती शोधावी लागते. बोंबलणारं मशीन बहुधा किरकोळ आजारी असतं. म्हणून इथे साफसफाईआधी ओळख पटवण्यावर जास्त वेळ घालवलाय. पायऱ्या विंडोज ११ धरून लिहिल्या आहेत. विंडोज १० वर काही नावं इकडची तिकडे दिसतील.

## हात लावण्याआधी

तुमच्याकडे आयटी विभाग असेल तर पहिली आणि शेवटची पायरी एकच: त्यांना कळवा आणि स्वतः काही पुसू नका. तुम्हाला संशयास्पद वाटणारा प्रोग्राम कंपनीनेच बसवलेला असू शकतो. लांबून स्क्रीन बघायचं साधन, कोणत्या साइट उघडल्या याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, फाइल बाहेर जाऊ न देणारं सॉफ्टवेअर, ही सगळी वागायला स्पायवेअरसारखीच दिसतात. ती उडवली तर शाबासकी मिळत नाही, खुलासा मागतात. (कंपनीने पाळत ठेवावी की नाही हा वेगळा वाद. माझं मत एवढंच, की ठेवायची तर सांगून ठेवावी. न सांगता ठेवलेली पाळत आणि चोराची पाळत यांतला फरक कर्मचाऱ्याला कसा कळणार?)

हा लेख खरा त्या ऑफिसांसाठी आहे, जिथे आयटी विभाग नाही, दहा-वीस-चाळीस मशीन आहेत आणि “तुला कळतं ना, मग तूच बघ” म्हणून कुणा एकाच्या गळ्यात हे काम पडलंय.

मशीनजवळ गेल्यावर आधी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. चौकटीत बारीक अक्षरात साइटचं नाव असतं, तेच पुढे कामाला येतं. मग समोरच्या माणसाला विचारा: हे कधीपासून? त्याच्या आदल्या दिवशी काय उतरवलं? कुठल्या पानावर ‘अलाउ’ दाबलं? विचारताना आवाज चढला की उत्तर ठरलेलं, “मी काहीच केलं नाही.” पूर्वी माझा आवाज चढायचा. आता माझं पहिलं वाक्य असतं, “परवा माझ्याकडूनही असंच झालं होतं.” ते दर वेळी खरं असतं असं नाही, पण त्यानंतर लोक डाउनलोड्सचं फोल्डर स्वतःहून उघडून दाखवतात. निम्मं निदान तिथेच होतं.

त्या मशीनवर आता कुठलाही पासवर्ड टाकायचा नाही, बँकेचं पान उघडायचं नाही. प्रकरण गंभीर वाटलं तर लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. मशीन लगेच बंद करायची घाई नको. मशीन सुरू असेपर्यंत मागे काय चाललंय ते बघता येतं.

## तीन प्रकार, तीन वेगळी उत्तरं

सगळ्यांना सरसकट ‘व्हायरस’ म्हणतात आणि सगळ्यांवर ‘फॉरमॅट मारा’ हा एकच इलाज सांगतात. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली म्हणजे नोटिफिकेशनचा त्रास. कुठल्याशा पानावर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असं लिहिलेलं असतं आणि माणूस दाबतो. त्याने त्या साइटला कधीही चौकटी पाठवायची परवानगी मिळते. चौकट खाली उजव्या कोपऱ्यात येते, तिच्यावर ब्राउझरचं आणि साइटचं नाव असतं. मशीनवर काहीही बसलेलं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या ‘व्हायरस’च्या तक्रारींत हीच जास्त.

दुसरी म्हणजे ॲडवेअर. इथे प्रोग्राम किंवा एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) खरोखरच बसलेलं असतं. होमपेज आपोआप बदलतं. काही शोधलं की पान आधी कुठल्या तरी अनोळखी पत्त्यावर जाऊन मग निकाल दाखवतं. ज्या साइटवर कधी जाहिरात नसायची तिथे सवलतीची कुपनं लटकतात. यांचा धंदा तुमच्या क्लिकवर चालतो, म्हणून ते दिसतंच. पण कोणत्या पानांवर तुम्ही जाता हे त्यातली बरीच सॉफ्टवेअर नोंदवत असतात, तेव्हा ‘नुसत्या जाहिराती तर आहेत’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

तिसरी म्हणजे स्पायवेअर. हे लपूनच राहतं. कळा टिपणारा कीलॉगर असेल, स्क्रीनचे फोटो पाठवणारं काही असेल, किंवा आजकाल सर्रास आढळणारं इन्फोस्टीलर. इन्फोस्टीलर एकदा चालतं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉगिन आहात ही साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) गोळा करून पाठवतं आणि पुष्कळदा स्वतःला पुसून टाकतं. स्कॅन केला तर मशीन स्वच्छ! म्हणून याच्या खुणा मशीनवर नाही, मशीनच्या बाहेर शोधायच्या. न मागता मोबाइलवर आलेला ओटीपी. ‘नवीन ठिकाणाहून लॉगिन झालं’ अशी सूचना. पाठवलेल्या मेलमध्ये तुम्ही न लिहिलेली मेल. न उघडता ‘वाचलेली’ दिसणारी मेल. अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला. यांतलं एक जरी आढळलं तर पुढचे दोन भाग सोडून थेट स्पायवेअरच्या भागावर जा.

## नोटिफिकेशन बंद करणं

क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांवरून सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. फोटोतलं नाव शोधा आणि काढून टाका. खरं तर मेल आणि ऑफिसचं चॅट सोडून बाकी सगळंच काढा, कुणाचं अडत नाही. त्याच पानावर साइटना ही परवानगी मागूच न देण्याचा पर्याय असतो, तोही निवडा. एज आणि फायरफॉक्समध्येही अशीच यादी असते.

याचाच भाऊ म्हणजे पूर्ण स्क्रीन व्यापून, भोंगा वाजवत ‘संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ म्हणणारं पान. ते फक्त एक वेबपान असतं. एस्केप दाबून धरा. नाही सुटलं तर ऑल्ट आणि एफ४. तरीही नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू का विचारलं तर नाही म्हणा. एक प्रश्न मात्र आवर्जून विचारा: त्या नंबरवर फोन केला होता का, आणि फोनवरच्या माणसाने सांगितलेलं काही बसवलं का? उत्तर हो असेल तर हे प्रकरण तिसऱ्या प्रकारात गेलं.

## ॲडवेअर काढणं

इथे क्रम महत्त्वाचा. स्कॅनर चालवून मोकळं होण्याचा मोह होतो, पण ज्याने हे आणलं तो मूळ प्रोग्राम तसाच राहिला तर आठवड्यात सगळं परत.

सुरुवात बसवलेल्या प्रोग्रामपासून. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. यादी तारखेनुसार लावा, म्हणजे नवीन वर येतील. त्रास कधी सुरू झाला ते तुम्ही विचारून ठेवलंच आहे. त्या तारखेच्या आसपास एकाच दिवशी तीन-चार गोष्टी बसलेल्या दिसल्या तर चोर सापडला. एक कामाचं सॉफ्टवेअर आणि सोबत हवामान दाखवणारं, ‘पीसी फास्ट’ करणारं, कुपन शोधणारं अशी वरात असते. सगळी काढा. काढताना येणाऱ्या चौकटी नीट वाचा. ‘काढू नका, सवलत देतो’ म्हणणारं मोठं रंगीत बटण आणि खरं काढायचं फिकट, बारीक बटण ही यांची जुनी खोड.

मग एक्स्टेन्शन. प्रत्येक ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझरमधल्या प्रत्येक प्रोफाइलमध्ये स्वतंत्र बघा. जे कशासाठी आहे हे वापरणाऱ्याला एका वाक्यात सांगता येत नाही, ते काढा. एखादं काढताच येत नसेल आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटरने बसवलं आहे’ असं लिहून येत असेल, तर थांबा. आयटी विभाग असलेल्या कंपनीत हे अगदी योग्य असू शकतं. पण तुमच्या ऑफिसात ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे तुम्हीच असाल आणि तुम्ही ते बसवलेलं नसेल, तर ॲडवेअरने कंपनीच्या धोरणाचं सोंग घेतलंय. त्याने विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवतं तिथे, ब्राउझरसाठी पॉलिसी लिहून ठेवलेली असते. क्रोमच्या पॉलिसीच्या अंतर्गत पानावर ती दिसते. रजिस्ट्रीत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या फांदीवर ती सापडते. रजिस्ट्रीला हात घालण्याआधी ती फांदी एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि हे काम सवयीचं नसेल तर सवय असलेल्या माणसाला शेजारी बसवा.

यानंतर लपायच्या जागा. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप ॲप्समध्ये मशीनबरोबर काय सुरू होतं ते बघा. टास्क शेड्युलर उघडा. काढलेलं ॲडवेअर रोज दुपारी परत येत असेल तर बहुतेक वेळा इथे त्याचं वेळापत्रक लावलेलं असतं. ब्राउझरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. टार्गेटच्या चौकटीतला मजकूर ब्राउझरच्या फाइलच्या नावावर संपतो की पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला आहे? होमपेज दहा वेळा बदलूनही परत तेच येतं, त्याचं कारण कधी कधी एवढंसंच असतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी (इंटरनेटला जाताना मध्ये बसलेला दुसरा संगणक) तपासा. तुम्ही लावलेला नसताना तिथे पत्ता दिसला तर तो बंद करा, कारण त्या मशीनची सगळी वाहतूक त्या वाटेने जात असते.

या सगळ्या जागा एका खिडकीत बघायच्या असतील तर ऑटोरन्स वापरा. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो संच विकत घेतला आणि अजून मोफत देते. त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवायचा पर्याय आहे. तो लावला की शेकडो ओळींच्या मोजक्या उरतात आणि परकं काय ते डोळ्यांना दिसतं. संशयित नोंद पुसू नका, आधी नुसती टिकमार्क काढा. दोन दिवस कुणाचं काही अडलं नाही तर मग पुसा. मी एकदा उत्साहात प्रिंटरचाच प्रोग्राम उडवला होता आणि अख्खा मजला माझ्या नावाने शंख करत होता.

आता स्कॅन. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे स्कॅन ऑप्शन्स, आधी फुल स्कॅन, मग डिफेंडर ऑफलाइन. हा दुसरा स्कॅन मशीन रीस्टार्ट करून, विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आतच चालतो, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्यांना आडोसा मिळत नाही. साधारण पाव तास लागतो. उघड्या फाइली आधी सेव्ह करायला सांगा. दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्सचं ॲडडब्ल्यूक्लीनर किंवा मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर चालवा. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून १० दिवसांत कालबाह्य होतं, तेव्हा पेन ड्राइव्हवर जुनं जपून ठेवण्यात अर्थ नाही. मोफत साधनांचा परवाना ऑफिसातल्या वापराला चालतो का, हेही एकदा वाचून घ्या. आणि कायम पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एका मशीनवर कधीही ठेवू नका. ते एकमेकांच्याच मागे लागतात.

एखाद्या फाइलचा संशय असेल तर व्हायरसटोटल या साइटवर ती पन्नासहून जास्त इंजिनांकडून तपासून मिळते. पण तिथे चढवलेली फाइल इतर सदस्य संस्थांनाही बघता येऊ शकते. उतरवलेला सेटअप जरूर चढवा. पगाराची शीट, ग्राहकाचा करार, असलं काही नाही.

शेवटी ब्राउझर रीसेट. क्रोममधलं रीसेट एक्स्टेन्शन बंद करतं, कुकीज पुसतं, होमपेज आणि शोध मूळ जागी आणतं. बुकमार्क आणि पासवर्ड राहतात. इथे एक खोडा आहे, तो मला फार उशिरा कळला. एका मशीनवरचं एक्स्टेन्शन मी तीनदा काढलं, तीनदा परत आलं. स्टार्टअप बघितलं, शेड्युलर बघितलं, शेवटी फॉरमॅटसुद्धा केलं. फॉरमॅटनंतर त्या गृहस्थांनी क्रोममध्ये साइन इन केलं आणि माझ्या डोळ्यांदेखत ते एक्स्टेन्शन पुन्हा येऊन बसलं. ते मशीनमध्ये नव्हतंच, त्यांच्या खात्यात होतं. घरच्या लॅपटॉपवर त्यांनी ते घेतलं होतं आणि सिंक, म्हणजे एकाच खात्याची सगळी मशीन सारखी ठेवायची क्रोमची सोय, ते इमानेइतबारे ऑफिसात आणून देत होतं. तेव्हा काढताना सिंक थांबवा आणि त्याच खात्याने जोडलेलं दुसरं मशीनही साफ करा.

मॅकवर हेच प्रकरण असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरलखाली लॉगिन आयटम्स बघा आणि अनोळखी कॉन्फिगरेशन प्रोफाइल आहे का ते बघा. होमपेज बदलू न देणारं कुलूप पुष्कळदा त्या प्रोफाइलमध्ये असतं.

## स्पायवेअरचा संशय असेल तर

इथे नियम उलटा होतो. मशीन साफ करण्याआधी खाती वाचवायची, कारण माल आधीच बाहेर गेलेला असतो.

वायर काढा, वायफाय बंद करा आणि ते मशीन बाजूला ठेवा. पुढचं सगळं दुसऱ्या, खात्रीच्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून. बाधित मशीनवर बसून पासवर्ड बदलणं म्हणजे चोराच्या हातात नवी किल्ली देणं.

सुरुवात मेलपासून, बँकेपासून नाही. बाकी सगळे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात, त्यामुळे मेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं. मेलचा पासवर्ड बदला आणि लगेच सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. चोरलेली सेशन कुकी म्हणजे आधीच आत शिरलेल्या माणसाचा पास. तो दाखवला की पासवर्ड विचारत नाहीत आणि ओटीपीही विचारत नाहीत. ‘आमच्याकडे ओटीपी आहे, मग कसं शिरले?’ याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

मग मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी बघा. मेल दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड होतेय का? न ओळखीचा नियम किंवा फिल्टर आहे का? खात्याला परकी ॲप्स जोडलेली आहेत का? आमच्या त्या प्रकरणात एक नियम सापडला होता: विषयात ‘पेमेंट’ हा शब्द असलेली प्रत्येक मेल परस्पर एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये जायची आणि वाचलेली म्हणून खूण व्हायची. ग्राहकांनी विचारलेले प्रश्न आम्हाला दिसतच नव्हते. नियमाचं नाव काय, तर एक टिंब. यादीत नजर सहज घसरून जाईल असं.

मेलनंतर बँक, मग हिशेबाचं सॉफ्टवेअर, मग क्लाउडवरच्या फाइली, मग त्या ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड. हो, प्रत्येक. यादी लांब असते. ती ब्राउझरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये आयती मिळते, तिथूनच एकेक खूण करत जा. बँकेला फोन करून व्यवहारांवर लक्ष ठेवायला सांगा. मेलमधून ज्यांचा पैशाचा व्यवहार चालतो, त्यांना मेल न करता फोन करा: खाते क्रमांक बदललेला नाही, तशी मेल आली असेल तर खोटी. ग्राहकांची किंवा कर्मचाऱ्यांची माहिती गेली असेल तर ती कळवण्याची कायदेशीर मुदत अनेक देशांत अगदी कमी असते, काही ठिकाणी ती तासांत मोजतात. हे व्यवस्थापनाला पहिल्याच दिवशी सांगा.

त्यानंतर मशीन. स्पायवेअर होतं याची खात्री असेल तर साफसफाई करत बसू नका. डेटा काढून घ्या, विंडोज नव्याने बसवा. ‘मशीन स्वच्छ आहे’ असं मीही कुणाला छातीठोक सांगणार नाही. ‘नव्याने बसवलंय’ हे मात्र सांगू शकतो. डेटा म्हणजे कागदपत्रं, शीट, फोटो. सेटअप फाइली, ‘पोर्टेबल’ सॉफ्टवेअर आणि डाउनलोड्सचं आख्खं फोल्डर बॅकअपमधून परत आणायचं नाही. काय झालं हे पुढे तपासावं लागेल असं वाटत असेल, तर डिस्क पुसण्याआधी तशीच काढून ठेवा आणि नवी डिस्क लावा.

आणि एकदा टेबलाखाली वाका. कीबोर्डची वायर सरळ मशीनमध्ये जाते की मध्ये बोटाच्या पेराएवढं एखादं पिन आहे? हार्डवेअर कीलॉगर कुठल्याही स्कॅनमध्ये सापडत नाही. रिसेप्शन आणि कॅश काउंटरवरची मशीन, म्हणजे जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात पोचतो, तिथे हे बघायला अर्धं मिनिट लागतं.

## आलं कुठून?

हा प्रश्न टाळला तर पुढच्या महिन्यात त्याच टेबलावरून पुन्हा फोन.

वीस वर्षांपूर्वी वाट एकच होती: फुकट सॉफ्टवेअरच्या सेटअपमध्ये आधीच टिक केलेले टूलबार. ती वाट अजून आहे, म्हणून सेटअपमध्ये ‘कस्टम’ निवडायची सवय लावा. पण आजची मोठी वाट शोधयंत्रातली जाहिरात. एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव टाकलं की सगळ्यात वर ‘प्रायोजित’ म्हणून जो दुवा येतो, तो मूळ कंपनीचा असेलच असं नाही. हुबेहूब पान, हुबेहूब बटण, आत भलताच सेटअप.

२०२४ पासून आणखी एक प्रकार जोरात आहे, क्लिकफिक्स नावाचा. पान म्हणतं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तोवर पानाने क्लिपबोर्डवर एक आज्ञा गुपचूप ठेवलेली असते आणि माणूस ती स्वतःच्या हाताने चालवतो. चालवणारा खुद्द वापरकर्ताच असल्याने अँटिव्हायरसलाही कधी कधी काही खटकत नाही. ऑफिसातल्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगून ठेवा: कुठलंही वेबपान विंडोज आणि आर दाबायला सांगत असेल तर तो चोर. अपवाद नाही.

एक्स्टेन्शनचं दुखणं वेगळं. घेताना चांगलं असतं, नंतर मालक बदलतो. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे न वापरलेले टॅब झोपवणारं क्रोमचं एक्स्टेन्शन लाखो लोकांकडे होतं. २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हातात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) असल्याचं सांगून गूगलने ते बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केलेली नव्हती. म्हणून ‘वर्षभर वापरतोय, काही झालं नाही’ हा पुरावा धरता येत नाही.

कधी कधी तर नवंकोरं मशीनच ॲडवेअर घेऊन येतं. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीच बसवलेलं सुपरफिश फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झालं. जाहिराती घुसवण्यासाठी त्याने विंडोजमध्ये स्वतःचं मूळ प्रमाणपत्र (कोणती साइट खरी मानायची हे ज्यावरून ठरतं ते) टाकलं होतं आणि सगळ्या लॅपटॉपवर त्याची गुप्त किल्ली एकच होती. ती बाहेर पडल्यावर बँकेच्या पानाचंही सोंग कुणाला घेता आलं असतं. दुखणं जाहिरातीचं, भोक मात्र थेट कुलपालाच! खोक्यातून काढलेल्या मशीनवर विंडोज नव्याने बसवूनच ते टेबलावर ठेवायचं, हा माझा नियम तेव्हापासूनचा.

क्रॅकबद्दल, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायच्या चोरट्या फाइलींबद्दल, फार लिहायला नको. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही ज्याची पहिली सूचना आहे, ते आत काय करणार हे उघड आहे.

## पुन्हा येऊ नये म्हणून

सगळ्यात जास्त फरक एका गोष्टीने पडतो: रोजच्या वापराचं खातं ॲडमिन नसणं. प्रत्येकाला साधं खातं द्या, ॲडमिनचं खातं वेगळं, पासवर्ड तुमच्याकडे. पहिले पंधरा दिवस लोक कटकट करतात, प्रत्येक इन्स्टॉलसाठी तुम्हाला बोलावतात. बोलावू द्या, ते काय बसवायला निघालेत हे त्या निमित्ताने कळतं. साध्या खात्यानेही ब्राउझरमधल्या चोऱ्या थांबत नाहीत हे खरं, पण मशीनभर मुळं धरणं अवघड होतं.

विंडोज सिक्युरिटीमध्ये ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, तिथे रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन. त्यात ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप’ अडवायचा पर्याय आहे. धड व्हायरस नाही पण नकोसंच, अशी ॲडवेअरची जात तो अडवतो. जुन्या मशीनवर तो बंद असू शकतो, म्हणून प्रत्येक मशीनवर डोळ्यांनी बघा.

पासवर्ड ब्राउझरमध्ये न साठवता स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. जाहिराती अडवणारं एक विश्वासू एक्स्टेन्शन सगळीकडे लावा. जाहिरात दिसलीच नाही तर खोट्या ‘डाउनलोड’ बटणावर कोण दाबणार? राउटरवर क्वाड९ सारखी, घातक पत्ते अडवणारी डीएनएस सेवा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी) लावली तर एकाच ठिकाणी सगळ्या मशीनना थोडंफार कवच मिळतं. तिचा पत्ता ९.९.९.९ इतका सोपा आहे. लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे सेटअप मूळ साइटवरून उतरवून एका शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा, दर महिन्याला नवे करा आणि सांगा, हवं ते इथून घ्या. पीडीएफ जोडणं, फोटो लहान करणं, व्हिडिओ कापणं या तीन कामांचं विश्वासू साधन तिथे ठेवलंत तर भलत्या शोधाशोधीचं मोठं कारणच जातं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा वाढीव सुरक्षा अपडेट घेतलेले नसलेली तसली मशीन बँकेच्या कामावरून आधी हलवा.

दुरुस्त केलेल्या मशीनची तारीख, काय सापडलं, कुठून आलं हे वहीत एका ओळीत लिहा. आठ दिवसांनी त्या टेबलाशी परत जा: इन्स्टॉल्ड ॲप्स तारखेनुसार, एक्स्टेन्शन, टास्क शेड्युलर, मेलचे नियम, एवढंच बघा. पाच मिनिटं लागतात. आमच्या त्या मशीनवर आठव्या दिवशी सगळं जागच्या जागी होतं, फक्त डाउनलोड्समध्ये तोच पीडीएफवाला सेटअप पुन्हा पडला होता. “काम अडलं होतं हो,” ते म्हणाले, “पण या वेळी उघडला नाही, तुमची वाट बघत होतो.”